सहभागाचे दहा गुण

प्रिय किनांती,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकली असशील आणि मग कपाळाला आठ्या घातल्या असशील, की आता इबूला पत्रं लिहायची कुठली हुक्की आली. काय करू मग? व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही लिहिलं तरी तुझं उत्तर ठरलेलं, ‘इंगिह, बू.’ होय, आई. जेवलीस का, तर इंगिह बू. तिकडे फार उकडतंय का, तर इंगिह बू. सर्दी बरी झाली का, तर इंगिह बू. अगं, दगडाला विचारलं तर तो निदान गप्प तरी बसतो. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. आणखीही एक कारण आहे, पण ते शेवटी. संख्याशास्त्राच्या बाईची मुलगी आहेस, आधी आकडे आणि मग निष्कर्ष हे तुला माहीत आहे. शेवटचं पान आधी उलटायची तुझी लहानपणची खोड आज आवर.

मी तुझ्यावर पाच महिने रागावले होते, हे सांगूनच सुरुवात करते. रमजानचे रोजे संपले की लेबारानच्या सणाला अख्खी जावा आपापल्या घरी जाते. मोटारसायकलवर पोरंबाळं, बोचकी, कोंबडीसुद्धा बांधून माणसं दोन-दोन दिवस प्रवास करतात. आणि बालिकपापानहून विमानात बसलं की दुपारच्या जेवणाला सोलोत पोचणारी आमची एकुलती एक लेक आली नाही. कोंबडीच्या ओपोरचं पातेलं तीन दिवस गरम करून करून मी आणि तुझे बापाक खात बसलो. शेजारच्या बू मार्नी तीनदा डोकावून गेल्या, ‘किनांती उद्या येणार का?’ मी तरी काय सांगणार? बापाकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘तिचं मन दुखावलंय, त्या फोनपासून.’ आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. त्या फोनवर मी असं काय वाईट बोलले होते? मला चांगलं आठवतंय. मार्चचा पहिला आठवडा होता, रोजे चालू होते, मी संध्याकाळसाठी शेंगदाण्याचे पेयेक तळत होते. मी म्हणाले, सणाची गर्दी असते, तिकिटं भलती महाग झालीत, घाई करू नकोस, पुढे बघू, जावईबापूंना, दमारला, तब्येत सांभाळ म्हणावं. यात रागावण्यासारखं काय आहे? आईने मुलीला तिकिटांच्या भावाबद्दल बोलायचं नाही का? असं मी पाच महिने स्वतःला विचारत होते. मागच्या गुरुवारपर्यंत.

तर मागच्या गुरुवारची गोष्ट. त्याआधी डीनसाहेबांचं पत्र आलं होतं. ‘सर्वसमावेशक आणि नवोन्मेषी अध्यापनासाठी प्राध्यापक सक्षमीकरण’, चार दिवस, सकाळी आठ ते चार. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला या सत्रात वर्ग मिळणार नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अठ्ठावीस वर्षं मी शिकवतेय. डीनसाहेब स्वतः माझ्या वर्गात दोनदा नापास होऊन मग डीन झालेत. आणि आता मला शिकवणार की शिकवायचं कसं! पण वर्ग गेला तर घरी बसून मी करू काय? बापाकांच्या बुलबुलांना दाणे घालू?

गेले. आधी उभं राहून राष्ट्रगीत, मग प्रार्थना, मग डीनसाहेबांचं भाषण, मग फलकाखाली सगळ्यांचा एक फोटो, मग अंगठे वर करून आणखी एक. त्यानंतर गट पाडले आणि प्रत्येक गटाने आपली घोषणा तयार करायची होती. माझ्या गटाला नाव त्या काटेरी, वासाच्या फळाचं, दुरियान. अगं, मी सत्तावन्न वर्षांची बाई, बातिकचा झगा सावरत, दोनदा पाय आपटून तीनदा टाळ्या वाजवत ओरडतेय, ‘दुरियान, दुरियान, काट्यांत गोडवा!’ शेजारी स्थापत्यचे पाक सुतोपो, गुडघ्याला पट्टा बांधलेला, तेही आपटतायत. ते तर मला म्हणाले, ‘बू रेत्नो, पेन्शनीला तीन वर्षं राहिली नसती तर मी आत्ताच घरी गेलो असतो.’ म्हणजे असं काहीतरी म्हणाले असावेत. ते नेहमीच पुटपुटतात.

प्रशिक्षक म्हणजे मेदानचा एक बाताक मुलगा, बिन्सार सियाहान, असेल पस्तिशीचा. मेदानची माणसं कशी बोलतात तुला ठाऊकच आहे, शेजाऱ्याला मीठ मागायचं तरी भांडण चालल्यासारखं वाटतं. त्याच्या हातात माइक होता, पण त्याला माइकची काडीची गरज नव्हती. पहिल्याच तासाला मला विचारतो, ‘इबू, तुम्ही वर्गात शिकवून झालं की काय विचारता?’ म्हटलं, विचारते की कळलं का. ‘आणि मुलं काय म्हणतात?’ म्हटलं, इंगिह म्हणतात. तो इतका मोठ्याने हसला की पाक सुतोपो जागे झाले. म्हणाला, जावाच्या पोरांना ‘वर्गाला आग लागलीय का’ विचारलं तरी ती इंगिहच म्हणतील. ‘कळलं का’ हा प्रश्नच नाही, त्याला होकाराशिवाय उत्तर नसतं. काय कळलं ते लिहून दाखवायला सांगा. मला राग आला. खरं बोलला म्हणून जास्त आला. आणि तुला एक कबूल करते, त्या चार दिवसांत ज्याचा शब्दन् शब्द मला समजला असा माणूस तो एकटाच. तेव्हा मला वाटलं, उद्धट आहे पण उच्चार स्वच्छ आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना मागच्या सत्राच्या गुणांच्या याद्या आणायला लावल्या. माझ्या यादीत एक रकाना आहे, वर्गातल्या सहभागाचे दहा गुण. जो बोलेल त्याला मिळतात, जो तोंड शिवून बसेल त्याला नाही. त्याने आकडे मांडले. जकार्ताहून, सुराबायाहून आलेल्या पोरांना आठ, नऊ. वोनोगिरी, पाचितान अशा खेड्यांतून आलेल्यांना दोन, तीन. त्यातही मुलींना कमी. मला म्हणाला, याच मुलींचे लेखी परीक्षेचे गुण बघा, वर्गात सगळ्यांत चांगले आहेत. मी पेटलेच. म्हटलं, बाबा रे, आकडे मला शिकवू नकोस, मी शिकवलेल्या आकड्यांवर या शहरातल्या निम्म्या बँका चालतात. न बोलणाऱ्याला बोलण्याचे गुण देणं हा कुठला न्याय? मी कुणाचं तोंड दाबलंय का? तो म्हणाला ठीक आहे, उद्या बघू. मला वाटलं, जिंकले. त्या संध्याकाळी मी बापाकांना सगळं रंगवून सांगितलं. ते नेहमीसारखे मान हलवत होते. मी म्हटलं, आज गुळाचे वाफाळते पुतू खायची इच्छा होतेय, पण तो पुतूवाला मेला आपल्या गल्लीत यायचाच बंद झालाय, वर्ष झालं असेल. बापाक माझ्याकडे बघत राहिले आणि काहीतरी म्हणाले. मी ‘हो ना’ म्हटलं आणि आत गेले.

गुरुवारी प्रत्येकाने वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. समोर आपलेच सहकारी, आणि सोबत आठ खरे विद्यार्थी बोलावलेले. बिन्सारने मागच्या बाकावर तिकाटणं लावून त्याचा फोन ठेवला होता चित्रीकरणाला. माझा विषय सरासरी आणि मध्यांक. मी ठरवलंच होतं की या पोराला दाखवून द्यायचं. उदाहरण घेतलं मांसगोळ्यांचं सूप विकणाऱ्या बाकसोवाल्याच्या आठवड्याच्या विक्रीचं, सगळं कसं घरगुती. विचारलं, एका दिवशी लग्नाची मोठी ऑर्डर आली, एक आकडा भलताच फुगला, तर दोघांपैकी कोण हलतं? सगळे गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा विचारलं, मागे बसलेल्या सेकारकडे बघत, ती वोनोगिरीची मुलगी, मागच्या सत्रात माझ्याच वर्गात होती, सहभागाचे गुण दोन. ती खाली मान घालून बसलेली. मी म्हटलं, ‘कोणालाच येत नाही? असं गप्प बसून कसं चालेल? सरासरी हलते, मध्यांक जागेवर राहतो.’ आणि पुढे गेले. वीस मिनिटं झाली, मी घामाघूम पण खूष होऊन खाली बसले आणि खाऊच्या खोक्यातला, पानात गुंडाळलेल्या भाताचा लेम्पर सोलायला घेतला.

मग त्याने ते चित्रीकरण मोठ्या पडद्यावर लावलं, आवाज वाढवून. किनांती, माझा पहिला प्रश्न संपला आणि लगेच एका मुलीचा आवाज आला, ‘सरासरी हलते, इबू. मध्यांक तिथेच राहतो.’ सेकारचा आवाज. फोन तिच्या शेजारीच होता ना. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, तिने तिसऱ्यांदा सांगितलं, थोडं आणखी हळू, कारण इबूला पहिल्यांदा आवडलं नाही तर आपण उद्धटपणा केला असणार असं तिला वाटलं असेल. आणि पडद्यावरची मी हात कमरेवर ठेवून म्हणतेय, कोणालाच येत नाही? आणि तिचंच उत्तर तिच्यासमोर माझं म्हणून फळ्यावर लिहितेय. सभागृहात कुणी हसलं नाही. आपली माणसं अशा वेळी हसत नाहीत, खाऊच्या खोक्यात बघतात. चाळीस प्राध्यापक आपापल्या खोक्यात बघत होते. सेकार उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली, आणि बिन्सारने ते मला मोठ्याने परत सांगितलं, ‘ती म्हणतेय, चूक माझीच आहे इबू, मोठ्यांसमोर आवाज कसा वर करायचा ते मला जमत नाही.’

तो लेम्पर माझ्या हातात तसाच राहिला. तुला खरं सांगू, पहिला विचार मनात काय आला? की या यंत्रातच काहीतरी खोट आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. बिन्सार मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते, सगळ्यांसमोर अब्रू काढलीसच आहेस. तो खाली बसला, माझ्या समोर, माझा चेहरा दिसेल असा, आणि पहिल्यांदाच जरा सावकाश बोलला. ‘इबू, तुम्हाला ऐकायचं नाहीये, की ऐकू येत नाही? दोन्हींवर उपाय आहे, पण उपाय वेगवेगळे आहेत.’ इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे विचारतच नाहीत. बापाक टीव्हीचा आवाज वाढवून देतात. पाक सुतोपो तीच गोष्ट दोनदा पुटपुटतात. मुलं इंगिह म्हणतात. आणि मी, ज्याचं ऐकू आलं नाही त्याला ‘हो ना’, ‘बरं बरं’, ‘पुढे बघू’ म्हणते आणि पुढे जाते. अठ्ठावीस वर्षं नाही, पण तीन-चार वर्षं तरी नक्कीच. किती सेकार झाल्या असतील, हिशोब मांडायला बसले आणि मधेच सोडून दिला.

घरी आले. बापाक ओसरीवर पिंजरे पुसत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही. इतकंच. त्यांनी फडकं खाली ठेवलं, उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, हेही गेले. दहा मिनिटांनी परत आले ते केळीच्या पानात गरम पुतू घेऊन, वर खोबरं, आत वितळलेला गूळ. पुतूवाला रोज येतो, किनांती. रोज साडेपाचला. त्याची ती बारीक, उंच, वाफेची शिट्टी सगळ्या गल्लीला ऐकू जाते, एक मी सोडून. ते म्हणाले, काल तू म्हणालीस तेव्हा तो फाटकापाशीच उभा होता, मी तुला सांगितलंही, तू ‘हो ना’ म्हणालीस. मी रडले नाही. चिडले. इतके दिवस तुम्ही मला बोलला का नाहीत? ते म्हणाले, तुला वाईट वाटलं असतं. ही आपली जावानी माया. घर जळालं तरी चालेल, समोरच्याला धूर लागता कामा नये.

मग त्यांनी एकेक पिंजरा आत नेऊन टांगला. पुतू गार झाले. आणि मग त्यांनी जवळ येऊन, मोठ्याने, मला विचारलं, ‘मग मार्चमध्ये किनांतीने फोनवर काय सांगितलं, ते तुला ऐकू आलं होतं का?’

नाही गं, बाळा. एक अक्षर नाही. कढईत तेल तडतडत होतं, तू हळू बोलत होतीस, बहुतेक रडत होतीस, आणि रडताना तर तू आणखीच हळू बोलतेस. मीच तर शिकवलंय तुला, मोठ्यांशी बोलताना आवाज खाली. पाहुणे म्हणायचे, काय गोड बोलते पोर, ऐकायला वाकावं लागतं, आणि मी अभिमानाने फुगायचे. सणाच्या आधी पोरांचे फोन येतात ते तिकिटांसाठीच, म्हणून मी आपलं ठरवूनच टाकलं की तू तिकिटांचं बोलतेयस. खरं काय ते आता बापाकांनी सांगितलं. तू म्हणत होतीस, दमार आणि मी वेगळे झालो. तू म्हणत होतीस, इबू, मी घरी येऊ का? आणि मी म्हणाले, गर्दी असते, घाई नको, पुढे बघू. वर त्याच दमारला तब्येत सांभाळ म्हणून निरोप दिला. तू बापाकांना सांगितलंस, इबू नको म्हणाल्या. त्यांना वाटलं, शेजारी काय म्हणतील म्हणून मी तुला दारातून परत पाठवलं, आणि मला लाज वाटू नये म्हणून तेही गप्प राहिले. पाच महिने एका छपराखाली, एका ताटलीतले पेयेक खात, ते मला मनातल्या मनात माफ करत होते आणि मी तुझ्यावर रागावत होते. एवढा सुसंस्कृत मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या मुलखात होत असेल का?

शुक्रवारी डॉक्टरकडे जाऊन आले. उंच, बारीक आवाज गेलेत, मुली, शिट्ट्या, आणि तू. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल, ते कानाबाहेर दिसणारंच घेतलंय, लपवायचं नाही असं ठरवून. प्रमाणपत्रही मिळालं, बिन्सारने मला देताना सगळ्यांसमोर ओरडून ‘दुरियान’ म्हटलं, मी पाय आपटले. सोमवारी पहिला तास झाला. बेचाळीस मुलं. सुरुवातीलाच सांगितलं की मला कमी ऐकू येतं, इतकी वर्षं ते तुमच्या माथी मारत आले, यापुढे उत्तरं चिठ्ठीवर लिहून पुढे द्यायची आणि सहभागाचे गुण त्या चिठ्ठ्यांवर. तर बेचाळीसच्या बेचाळीस जणांचे ओठ हलले. मी कपाळावर हात मारला. काय म्हणाली असतील, सांगायला हवं का? सेकारला विभागात बोलावून मी तिची क्षमा मागितली. तिचे जुने गुण आता बदलता येत नाहीत, विद्यापीठाची यादी बंद झालीय, मी अर्ज केलाय, काय होईल माहीत नाही. तिला ते पटलं की नाही तेही मला कळलं नाही. ती इंगिह म्हणाली.

आता ते कारण. फोन करायचा तर तू बोलशील आणि मला ऐकू येणार नाही, आणि सवयीने मी पुन्हा ‘बरं बरं’ म्हणेन, याची मला भीती वाटली. म्हणून पत्र. सणाच्या दिवशी मुलांनी आई-बापांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायची असते. यंदा तू आली नाहीस ते बरंच झालं, कारण यंदा टेकायला माझे गुडघे हवे होते, आणि ते आता दुखतात, म्हणून हे कागद पाठवतेय. तू ठीक आहेस ना, असं मी विचारणार नाही. बिन्सारने शिकवलंय, त्याला होकाराशिवाय उत्तर नसतं. पण मार्चमध्ये तू मला एक प्रश्न विचारला होतास, सरळ, स्पष्ट, मी ज्यासाठी दहापैकी दहा द्यायला हवे होते असा. त्याचं उत्तर द्यायला मला पाच महिने लागले. ये. तुझ्या खोलीतून बापाकांचे पिंजरे हलवलेत. मोठ्याने रडत ये, हळू रडत ये, शेजारच्या बू मार्नींना काय वाटायचं ते वाटू दे. तिकिटाचं काय ते पुढे बघू.

तुझीच,
इबू